चित्रपटांतील डोंगर आणि नकाशावरील डोंगर

आवडत्या चित्रपटांत पाहिलेला डोंगर एकदां प्रत्यक्ष पहावा, ही इच्छा आतां केवळ श्रीमंतांची हौस राहिलेली नाहीं. वर्ष-दोन वर्षें पैसा बाजूस टाकून परदेशप्रवासास निघणारीं मध्यमवर्गीय कुटुंबें आज पुष्कळ आहेत, आणि त्यांतील कित्येकांच्या यादींत एखाद्या चित्रपटाची भूमि अग्रस्थानीं असते. परंतु 'दुरून डोंगर साजरे' ही म्हण खऱ्या डोंगराला जितकी लागू आहे, त्याच्या दुप्पट ती चित्रपटांतील डोंगराला लागू आहे. खरा डोंगर कसाहि असला तरी तो निदान एका ठिकाणीं उभा असतो. चित्रपटांतील डोंगराला तेवढेंहि बंधन नसतें. त्याचा पायथा एका देशांत, माथा दुसऱ्या देशांत, आणि त्याच्या कुशींतलें घर तिसऱ्याच गांवीं असूं शकतें. हें ध्यानांत न घेतां निघालेल्या प्रवाशाच्या पदरीं बहुधा निराशा येते. ध्यानांत घेऊन निघालेल्यास मात्र चित्रपटाहूनहि मोठें असें कांहीं हातीं लागतें. 'द साउंड ऑफ म्यूझिक' या सुप्रसिद्ध चित्रपटाच्या उदाहरणानें हें स्पष्ट होईल.

रॉबर्ट वाइज यांनीं दिग्दर्शित केलेला हा अमेरिकन चित्रपट १९६५ सालीं प्रदर्शित झाला आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या मानासह पांच ऑस्कर पारितोषिकें त्यानें मिळविलीं. त्याची कथा सर्वांच्या परिचयाची आहे. ऑस्ट्रिया देशांतील साल्झबर्ग शहरीं जोगिणींच्या मठांत उमेदवारी करणारी मारिया ही तरुणी कप्तान फॉन ट्रॅप या विधुराच्या सात मुलांस सांभाळण्यासाठीं जाते. मुलांस गाणें शिकविते. पुढें कप्तानाशीं तिचा विवाह होतो. इतक्यांत १९३८ च्या मार्च महिन्यांत जर्मनी ऑस्ट्रियाचा घास घेतो. नाझी आरमारांत चाकरी करण्याचें नाकारून कप्तान सहकुटुंब रातोरात पळ काढतो, आणि शेवटच्या दृश्यांत हें कुटुंब हिरवागार डोंगर चढून स्वित्झर्लंडच्या दिशेनें जातांना दिसतें.

हा चित्रपट पाहून जो निघतो, त्याच्या मनांत एक डोंगर असतो. त्या डोंगरावर मारिया गाते, तेथेंच मठाची घंटा ऐकूं येते, तेथेंच मुलें सहलीला जातात, आणि शेवटीं तोच डोंगर ओलांडून सर्वजण मुक्त होतात. साल्झबर्गला पोंचल्यावर प्रवासी पहिला प्रश्न विचारतो, 'तो डोंगर कोणता?' या प्रश्नाला उत्तर नाहीं. कारण असा एक डोंगर अस्तित्वांतच नाहीं. तो कात्रीनें निर्माण केलेला आहे.

चित्रपट तयार होतांना निरनिराळ्या दिवशीं व निरनिराळ्या स्थळीं घेतलेले तुकडे पुढें एकत्र जोडले जातात. पाहणाऱ्याच्या मनाला तुकड्यांतील अंतर दिसत नाहीं. एकामागून एक आलेलीं स्थळें शेजारशेजारचीं आहेत असें तें गृहीत धरतें. आरंभीचेंच दृश्य पहा. ज्या कुरणावर मारिया हात पसरून गिरकी घेते, तें कुरण ऑस्ट्रियांत नाहींच. जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतांत मार्क्टशेलेनबर्ग गांवाजवळ मेल्वेग म्हणून जागा आहे, तेथें तें आहे. त्या कुरणावर जे बर्च वृक्ष दिसतात ते चित्रपटासाठीं आणून लावलेले होते आणि मारिया ज्याच्या कांठानें चालते तो ओढाहि मुद्दाम खणलेला होता. हें दृश्य हेलिकॉप्टरमधून टिपलें गेलें. यंत्र जवळून वळतांना त्याच्या वाऱ्याच्या झोतानें आपण वारंवार गवतांत आडव्या होत असूं, अशी आठवण मारियेची भूमिका करणाऱ्या ज्यूली अँड्र्यूज यांनीं पुढें अनेकदां सांगितली आहे. दृश्याच्या शेवटीं घंटा ऐकून मारिया धांवत सुटते आणि लगेच मठांत येऊन पोंचते. प्रत्यक्षांत कुरण आणि मठ यांत एक राष्ट्रसीमा व सुमारें दहाबारा किलोमीटरांचें अंतर आहे. मठहि अर्धाच खरा. नॉनबर्गचा मठ आठव्या शतकाच्या आरंभीं स्थापन झालेला असून त्याचें बाह्य द्वार चित्रपटांत दिसतें, परंतु आंतील बहुतेक भाग व जेथें कुटुंब लपून बसतें तें स्मशान हीं अमेरिकेंतील स्टुडिओंत उभारलेलीं होतीं.

कप्तानाच्या घराचीहि तीच कथा. घराची दर्शनी बाजू फ्रोनबुर्ग या वाड्याची आहे, तर ज्या तळ्यांत मुलांची होडी उलटते तें तळें लेओपोल्ड्सक्रोन या दुसऱ्याच वाड्याजवळचें आहे. बागेंतील कांचेचा मंडप सध्यां शहराबाहेर हेलब्रुन येथील उद्यानांत नेऊन ठेवलेला असून त्याचें दार बंद असतें. मंडपांतील नृत्य स्टुडिओंतील मोठ्या प्रतिकृतींत झालें. मूळ मंडप त्यासाठीं फारच अपुरा होता.

म्हणून प्रवासाची तयारी व्हिसाच्या अर्जापासून नव्हे, तर घरच्या दिवाणखान्यांतून सुरू करावी. चित्रपट पुन्हां एकदां पहावा, पण या वेळीं हातांत कागद-पेन्सिल असावी. जेथें जेथें डोंगर दिसेल तेथें तेथें त्याच्या मागें-पुढें काय आहे हें टिपून ठेवावें: किल्ला, सरोवर, आगगाडी, चर्च. डोंगर एकमेकांसारखे दिसतात, परंतु किल्ले व सरोवरें तशीं दिसत नाहींत. नंतर मोठा नकाशा पसरून प्रत्येक स्थळाभोंवतीं खूण करावी. घरांतील मुलांना हें काम दिल्यास तीं तें आनंदानें करतील आणि भूगोलाचा एक उत्तम धडा नकळत शिकतील. खुणा करून झाल्यावर असें आढळून येईल कीं, हा 'एक डोंगर' साल्झबर्गच्या भोंवतीं चार दिशांस विखुरलेला आहे.

दक्षिणेस, शहराच्या अगदीं उंबरठ्यावर उंटर्सबर्ग हा प्रचंड पहाड आहे. शहराच्या अनेक दृश्यांच्या पाठीमागें तोच उभा असतो. त्याची उंची सुमारें १,९७० मीटर, म्हणजे महाराष्ट्रांतील सर्वोच्च अशा १,६४६ मीटरांच्या कळसूबाईहून थोडी अधिक. १९६१ पासून त्यावर रोपवे असून पायथ्यापासून सुमारें १,७७६ मीटरांपर्यंत दहा मिनिटांच्या आंत चढतां येतें. दम्याचा किंवा हृदयाचा विकार असणाऱ्यांनीं डॉक्टरांचा सल्ला घ्यावा हें योग्यच. एरवीं या उंचीवर हवा विरळ झाल्याची भीति बाळगण्याचें कारण नाहीं. भीति थंडीची व ढगांची. शहरांत ऊन असतांना माथा ढगांत असूं शकतो, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी माथ्याकडे नजर टाकावी.

त्याच दिशेनें पुढें, शहरापासून सुमारें चाळीस किलोमीटरांवर वेर्फेन हें गांव आहे. मारिया मुलांना स्वर शिकविते तें सहलीचें कुरण याच गांवावरील चढावर असून त्याचें नांव ग्श्वांट-आंगर असें आहे. समोर टेकडीच्या टोकावर होहेनवेर्फेन हा अकराव्या शतकांतील किल्ला दिसतो. चित्रपटांतील चौकट व प्रत्यक्ष देखावा यांचा मेळ सर्वांत सुरेख बसतो तो येथें. गांवानें त्या कुरणापर्यंत चित्रपटाच्या नांवानें पायवाट आंखून दिली आहे. साल्झबर्गहून आगगाडीनें येथें पाऊण तासांत येतां येतें. उरलेल्या वेळांत किल्ला पहावा, किंवा उन्हाळा असल्यास जवळच्या डोंगरांतील आइस-रीझन-वेल्ट ही चाळीस किलोमीटरांहून अधिक लांबीची गुहा पहावी. जगांतील सर्वांत मोठी बर्फाची गुहा म्हणून ती प्रसिद्ध आहे. दोन्ही एका दिवसांत करूं पाहणाऱ्यानें पायांची शक्ति आधीं अजमावावी.

पूर्वेस साल्झकामरगुट हा सरोवरांचा प्रदेश आहे. आरंभीच्या आकाशदृश्यांतील सरोवरें तेथलीं. स्वरांच्या त्याच गीतांत मुलें एका चिमुकल्या आगगाडींतून डोंगर चढतांना दिसतात, ती शाफबर्ग पर्वतावरील गाडी होय. १८९३ सालीं सुरू झालेला हा लोहमार्ग सहा किलोमीटरांहून किंचित कमी लांबीचा असून आपल्याकडील उटीच्या गाडीप्रमाणें दातेरी रुळांवर चालतो. तो सांक्ट वोल्फगांग गांवापासून निघून सुमारें १,७८० मीटर उंचीच्या शिखराजवळ पोंचतो. हिंवाळ्यांत तो बंद असतो. त्याच वाटेवर मोंडझे हें गांव लागतें. विवाहाचा सोहळा ज्या चर्चमध्यें चित्रित झाला तें तेथें आहे. याचा अर्थ असा कीं, वेर्फेनच्या कुरणावर सुरू झालेलें गीत कांहीं मिनिटांत शहरांतील मिराबेल उद्यानाच्या पायऱ्यांवर आणि शाफबर्गच्या गाडींत फिरून येतें. प्रवाशाला त्यासाठीं निदान तीन दिवस लागतात.

चौथें स्थळ सर्वांत महत्त्वाचें, आणि तें बहुतेकांच्या यादींतून गळतें. शेवटच्या दृश्यांत कुटुंब जो डोंगर चढतें तो स्वित्झर्लंडच्या सीमेवर तर नाहींच, पण ऑस्ट्रियांतहि नाहीं. तें चित्रीकरण बव्हेरियांतील ओबरसाल्झबर्ग भागांत झालें. बेर्ख्टेसगाडेन गांवावरील हा तोच डोंगर, ज्यावर हिटलरचें घर होतें. त्या घराच्या प्रचंड खिडकींतून समोर उंटर्सबर्ग दिसत असे; जो पहाड साल्झबर्गकरांना उत्तरेकडून दिसतो, तोच हिटलरला दुसऱ्या बाजूनें दिसे. साल्झबर्गपासून स्वित्झर्लंडची सीमा अडीचशे किलोमीटरांहून दूर आहे, आणि शहरालगतचे डोंगर ओलांडणारा माणूस जर्मनींतच उतरतो. कप्तान फॉन ट्रॅप खरोखर मुलांना घेऊन तो डोंगर चढला असता, तर ज्याच्यापासून पळावयाचें त्याच्याच अंगणांत जाऊन उभा राहिला असता.

मग खरें काय घडलें? १९३८ च्या उन्हाळ्यांत हें कुटुंब घरून निघून आगगाडींत बसलें आणि इटलीला गेलें. त्यांचें खरें घर साल्झबर्गच्या आयगेन या उपनगरांत होतें व आजहि उभें आहे. इटलीच कां, याचें कारण कागदोपत्रीं आहे. गेओर्ग फॉन ट्रॅप यांचा जन्म १८८० सालीं झारा या बंदरांत झाला. त्या वेळीं तें ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यांत होतें. पहिल्या महायुद्धानंतर तें इटलीकडे गेलें आणि त्यायोगें त्यांना इटलीचें नागरिकत्व मिळालें. ज्या पराभवानें ऑस्ट्रियाचा समुद्र गेला व या आरमारी कप्तानाची नोकरी संपली, त्याच पराभवानें वीस वर्षांनंतर त्याच्या मुलाबाळांस वाट करून दिली. मारियेशीं त्यांचा विवाहहि आक्रमणाच्या आदल्या दिवसांत झालेला नसून १९२७ सालींच झाला होता. ती मठांतून आली होती ती सर्व मुलांची दाई म्हणून नव्हे, तर आजारी असलेल्या एका मुलीची शिक्षिका म्हणून. घर सोडतांना त्यांच्याबरोबर सात नव्हे, नऊ मुलें होतीं आणि दहाव्याची चाहूल लागलेली होती. पुढें अमेरिकेंत गाण्याचे कार्यक्रम करून त्यांनीं निर्वाह केला. त्यांनीं सोडलेल्या घरांत नाझी पोलिसांचा प्रमुख हिमलर राहूं लागला.

साल्झबर्गच्या लोकांनीं या चित्रपटाचें फारसें स्वागत केलें नाहीं, त्याचें कारणहि यांतच आहे. त्यांना आपले डोंगर ठाऊक होते. शिवाय याच कुटुंबावरील जर्मन चित्रपट १९५६ सालींच येऊन गेला होता. तेथील कित्येकांनीं अमेरिकन चित्रपट आजहि पाहिलेला नसतो. म्हणून वाट विचारतांना 'मारियेचें कुरण कोठें' असें न विचारतां गांवाचें व जागेचें नांव उच्चारावें. उत्तर लवकर मिळतें.

आतां प्रत्यक्ष प्रवासाविषयीं. ऑस्ट्रिया व जर्मनी हे दोन्ही देश शेंगेन करारांतील असल्यामुळें एकच व्हिसा पुरतो. ज्या देशांत अधिक मुक्काम त्या देशाकडे अर्ज करावयाचा असतो. साल्झबर्गलाच बिऱ्हाड करून बव्हेरियांत दिवसापुरतें जावयाचें असल्यास अर्ज ऑस्ट्रियाकडे करावा. प्रवासापूर्वी सहा महिन्यांपासून अर्ज घेतला जातो. निदान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा आवश्यक असतो. म्युनिकहून साल्झबर्ग आगगाडीनें दोन तासांच्या आंत आहे, व्हिएन्नाहून सुमारें अडीच तास. मेल्वेग व ओबरसाल्झबर्ग येथें जातांना सीमा ओलांडली जाते. रस्त्यावर ती जाणवतहि नाहीं, तथापि तपासणी होऊं शकते. म्हणून पासपोर्ट खोलीवर ठेवून जाऊं नये.

काळाची निवड विचारपूर्वक करावी. आपल्याकडे मेअखेर प्रवास आटोपून पावसाळ्यापूर्वी परतण्याची रीत आहे. तिकडे निराळा प्रकार आहे: जून, जुलै व ऑगस्ट हे उन्हाळ्याचे महिनेच अधिक पावसाचे. तेथील पाऊस कोंकणासारखा कोसळत नाहीं. तो दोरे सोडल्यासारखा तासन्‌तास पडत राहतो, आणि त्याला स्थानिक बोलींत नांवहि 'दोऱ्यांचा पाऊस' अशा अर्थाचेंच आहे. १९६४ च्या एप्रिल महिन्यांत आलेल्या चित्रपट-मंडळीचा सहा आठवड्यांचा बेत याच पावसानें अकरा आठवड्यांवर नेला. ज्यांच्यापाशीं पैसा, यंत्रें व माणसें विपुल होतीं त्यांची ही गत, तर चार दिवसांचें तिकीट काढून गेलेल्या कुटुंबानें काय समजावें? चार दिवसांच्या कामास सहा दिवस राखावेत. डोंगराचा दिवस व शहराचा दिवस आदल्या रात्रीं हवामान पाहून अदलाबदल करतां येईल असा बेत असावा. मे महिन्याचा उत्तरार्ध व जूनचा आरंभ यांत कुरणें फुलांनीं भरलेलीं असतात. सप्टेंबरांत गर्दी ओसरते. जुलैच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत तेथें १९२० पासून चालत आलेला मोठा संगीत-नाट्य महोत्सव असतो, आणि त्या काळांत बिऱ्हाडाचा खर्च फार वाढतो. बेताच्या खर्चांत जाणाऱ्यांनीं ते आठवडे टाळावेत.

आणखी एक गोष्ट शिष्टाचाराची, परंतु त्याहून अधिक न्यायाची आहे. चित्रपटांतील कुरण हें उद्यान नव्हे. आल्प्समधील गवत हें शेतकऱ्याचें पीक आहे. हिंवाळ्याचे कित्येक महिने गाई गोठ्यांत असतात आणि उन्हाळ्यांत कापून वाळविलेल्या या गवतावर त्या जगतात. उभ्या गवतांत शिरून गिरकी घेणाऱ्या प्रवाशाला तें चित्रपटाचें स्मरण वाटतें. मालकाच्या दृष्टीनें ती वैरणीची नासाडी असते. आपल्या ज्वारीच्या शेतांत कोणी छायाचित्रांसाठीं लोळूं लागला तर जें वाटेल, तेंच त्यालाहि वाटतें. मेल्वेगचें कुरण रस्त्यावरून पहावें, आंखलेल्या वाटेवरून चालावें, आणि वाटेंतील फाटक उघडलें तर मागें लावून घ्यावें. नॉनबर्गच्या मठांत आजहि जोगिणी राहतात. तेथें आवाज खालीं असावा.

इतक्या अटी ऐकून कोणी म्हणेल, 'मग जावें तरी कशाला? सगळें खोटेंच असेल तर चित्रपटच पुन्हां पाहूं.' परंतु जाण्याचें खरें कारण येथेंच सुरू होतें. बेताच्या शेवटच्या दिवशीं ओबरसाल्झबर्गला जावें. तेथें १९९९ पासून नाझी राजवटीच्या इतिहासाचें संग्रहालय आहे. तें पहावें आणि मग बाहेर येऊन समोरच्या हिरव्या उतारांकडे पहावें. इतकें सुंदर स्थळ आणि इतकें क्रूर राज्य यांचा एकत्र वास असूं शकतो, हें चित्रपटांत दिसत नाहीं; तें त्या जागीं उभें राहिल्यावरच कळतें. तेथून साल्झबर्गला परतल्यावर आयगेनचें लहानसें रेल्वे स्थानक अवश्य पहावें. तेथें पाहण्यासारखें कांहीं नाहीं. रूळ आहेत, फलाट आहे, गाड्या येतात व जातात. परंतु एखाद्या कुटुंबावर देश सोडण्याची पाळी येते तेव्हां वाद्यांचा गजर होत नाहीं आणि डोंगरहि वाट देत नाहीं. खिशांत योग्य कागद असावा लागतो आणि वेळेवर गाडी मिळावी लागते. ज्यांच्यापाशीं तसा कागद नव्हता, अशा असंख्य कुटुंबांची गाडी सुटली ती कायमचीच.

चित्रपटकारांनीं दिशा चुकविली, हें खरें. परंतु घर सोडण्याचें दुःख व न वांकण्याचा निश्चय त्यांनीं खराच दाखविला, आणि म्हणूनच तो चित्रपट इतक्या घरांतून अजून पाहिला जातो. प्रवाशानें दोन्ही डोंगर पहावेत: चित्रपटांतला डोळे भरून, आणि नकाशावरला डोळे उघडे ठेवून.